आईचा डबा

मुलांनो, आज सुरुवातीलाच एक गणित घालते. वही-पेन नको, तोंडीच सोडवा.

एका डब्यात डिंकाचे ६० लाडू आहेत. घरात नुकतंच बाळ झालं आहे. बाळाची आई रोज २ लाडू खाते. तर डबा किती दिवस पुरेल?

३० दिवस! अगदी बरोबर. शाब्बास!

हेच गणित मी आमच्या पाचवीच्या वर्गात घातलं होतं. आमची शाळा हिंगोली जिल्ह्यात, सेनगावच्या बाजूला. सगळ्यांनी भराभर हात वर केले. "तीस, बाई, तीस!" असा गलका झाला. एका मुलीनं मात्र हात वर केला नाही. ती पंधरा दिवसांनी शाळेत आली होती. तिच्या घरी तिसरं बाळ झालं होतं आणि घरचा स्वयंपाक तिच्यावर पडला होता. मी तिला उठवलं आणि विचारलं, "काय गं, तुझं उत्तर किती?"

ती म्हणाली, "बाई, तेरा दिवस."

सगळा वर्ग हसला. मलाही वाटलं, इतके दिवस शाळा बुडाली, पोरगी भागाकार विसरली. पण तिनं दप्तरातून गणिताची वही काढली आणि मागचं पान उघडून माझ्यासमोर धरलं. त्या पानावर पेन्सिलीनं उभ्या रेघा ओढलेल्या होत्या. आपण मोजताना ओढतो ना, चार उभ्या आणि पाचवी आडवी, अगदी तशा.

ते पान तुम्हीही वाचा:

पाहुणे – २४
आई – १३
धाकटा भाऊ – ११
बाबा आणि आजोबा – ८
मी – ४

करा बेरीज. ६० भरतात ना? लाडू खरोखरच तेराव्या दिवशी संपले होते. ज्या आईसाठी ते केले, तिला रोजचे दोन नव्हे, रोजचा एकच मिळाला होता.

"तू हे लिहून का ठेवलंस?" मी विचारलं.

"आजी म्हणायची, डबा भराभर उतरतोय, तूच खात असशील. म्हणून मी लिहायला लागले."

पाहुण्यांच्या यादीत आत्या होती, मामा होता, शेजारच्या काकू होत्या. आणि एका रेघेपुढे लिहिलं होतं, 'बाई'. म्हणजे मीच! बाळ पाच दिवसांचं असताना मी बघायला गेले होते. आजीनं माझ्या हातावर लाडू ठेवला होता आणि मी तो आवडीनं खाल्लाही होता. खरं सांगते, वर्गात त्या क्षणी मला काही बोलताच येईना.

म्हणून आज मी तुम्हाला या डब्याची गोष्ट सांगणार आहे. तो आधी का भरतात, इतके दिवस टिकतो कसा आणि तो खरा कुणाचा, हे सगळं.

बाळ येण्याआधीची घाई

तुमच्या घरी किंवा शेजारी बाळ येणार असलं, की काय काय चालतं ते आठवा बरं. नववा महिना लागला की आजीची धावपळ सुरू होते. आठवडी बाजारातून खारीक, सुकं खोबरं, डिंक, खसखस, सुंठ येते. मेथ्या निवडल्या जातात. तूप कढवलं जातं. अळीव चाळले जातात. कुणी खलबत्त्यात खारीक कुटतं, कुणी खोबरं किसतं. किसता किसता चार चिमटी तोंडात टाकणारी मंडळीही असतातच. कोण ते मी सांगत नाही!

हे सगळं बाळ यायच्या आधीच का बरं करायचं? नंतर करायला वेळ नसतो म्हणून. तान्हं बाळ दिवसा झोपतं आणि रात्री जागवतं. दर दोन-तीन तासांनी त्याला दूध लागतं. त्याची लंगोटी बदलायची, कपडे धुवायचे, त्याला न्हाऊ-माखू घालायचं. आई तर बाळंतपणानं थकलेली असते. तिला विश्रांती हवी असते. अशा वेळी चार तास बसून लाडू कोण वळणार?

आपल्याकडे बाळंतिणीचा सव्वा महिना सांभाळायचा असतो. सव्वा महिना म्हणजे साधारण ३८ दिवस. या दिवसांत तिनं जड काम करू नये, गरम आणि ताजं खावं, असं जुनी माणसं सांगतात. पहिल्या बाळंतपणाला मुलगी माहेरी जाते. तिथं तिची आई सगळं बघते. पण दुसरं-तिसरं बाळंतपण बहुतेक सासरीच होतं. तेव्हा घरात माणसं कमी असली, तर ओढाताण होते. आमच्या त्या मुलीच्या घरी तेच झालं होतं.

आता आईची भूक किती वाढते ते बघू. बाळाला पहिले सहा महिने फक्त आईचं दूध द्यायचं असतं. वरचं पाणीसुद्धा नाही, मध नाही, घुटी नाही. म्हणजे बाळाची वाढ होते ती सगळी आईच्या दुधावर. हे दूध दिवसाला साधारण पाऊण लिटर असतं. ते कुठून येतं? आईच्या जेवणातून. म्हणून आपल्या देशातले आहारशास्त्रज्ञ सांगतात, की पहिल्या सहा महिन्यांत आईला रोजच्यापेक्षा सुमारे ६०० कॅलरी जास्त लागतात. कॅलरी म्हणजे अन्नातून मिळणारी शक्ती मोजायचं माप. आपल्याकडच्या दोन मोठ्या भाकरी खाल्ल्या, की जवळजवळ एवढी शक्ती मिळते. तुपातला मध्यम डिंकाचा लाडू दीड-दोनशे कॅलरी देतो. म्हणजे रोजचे दोन लाडू पोटात गेले, तर जादा भुकेचा निम्मा वाटा भागला!

आणि तोच लाडू पाहुण्याच्या हातावर गेला तर? तर आईच्या वाट्याचा तेवढा भाग कमी झाला. हिशेब इतका सरळ आहे.

लाडू नासत का नाहीत?

सकाळचं वरण उन्हाळ्यात रात्रीपर्यंत आंबतं. मग लाडू महिनाभर कसे राहतात? तेही फ्रीजशिवाय?

उत्तर एका शब्दात सांगते: ओल.

अन्न नासवणारे जिवाणू आणि बुरशी हे अगदी बारीक जीव. डोळ्यांना दिसत नाहीत, पण त्यांनाही आपल्यासारखंच पाणी लागतं. पाणी मिळालं की ते वाढतात. नाही मिळालं की त्यांचं काही चालत नाही. म्हणून अन्न टिकवायचं असेल, तर त्यातली ओल काढून टाकायची.

आपल्या जिल्ह्यातल्या मुलांना हे वेगळं शिकवायला नको. हळद काढणीच्या दिवसांत शेतात काय करतात? जमिनीतून निघालेली ओली हळद आधी शिजवतात आणि मग दिवसेंदिवस उन्हात वाळवतात. ओल्या हळदीत बहुतेक पाणीच असतं. वाळता वाळता ते दहा टक्क्यांच्या आसपास येतं. हळकुंड मोडून बघितलं आणि 'कट्' असा टणक आवाज आला, की वाळली म्हणायची. मग ती पोत्यात भरून ठेवली तरी महिनोन्महिने राहते. अर्धवट वाळलेली भरली, तर बुरशी धरते.

लाडवाचंही तसंच आहे. त्यातला एकेक जिन्नस तपासू या.

सुकं खोबरं. ओल्या खोबऱ्यात जवळजवळ निम्मं पाणी असतं. सुक्या खोबऱ्यात शंभर ग्रॅमला पाच-सहा ग्रॅमच. म्हणून डिंकाच्या लाडवात सुकं खोबरं घालतात. अळिवाचे लाडू बहुतेक घरांत ओल्या नारळाचे करतात. ते दोन-चार दिवसांतच संपवावे लागतात. दोन्ही लाडूच, पण एक महिनाभर टिकतो आणि दुसरा आठवडाही काढत नाही. फरक फक्त ओलीचा!

तूप. लोण्यात साधारण सहावा भाग पाणी असतं. लोणी कढवलं की ते तडतडतं ना? ते त्यातलं पाणी उडत असतं. तडतड थांबली की तूप झालं. तुपात पाणी जवळजवळ राहतच नाही. शिवाय तूप लाडवाच्या कणाकणाला लागतं आणि बाहेरची ओल आत येऊ देत नाही.

गूळ. गूळ पाणी आपल्याकडे ओढून धरतो. त्यामुळे जिवाणूंच्या वाट्याला ते येत नाही. लोणच्यात मीठ करतं तेच काम लाडवात गूळ करतो.

भाजणं आणि तळणं. खोबरं भाजलं, खसखस भाजली, खारकेची पूड तुपात परतली, की उरलीसुरली ओलही गेली.

आता डिंकाची गंमत. डिंक म्हणजे झाडाचा चीक वाळून झालेले खडे. बाभळीच्या खोडावर तुम्ही तो पाहिला असेल. धावड्याच्या झाडाचाही डिंक लाडवात घालतात. हे काचेसारखे टणक खडे गरम तुपात टाकले, की लाहीसारखे फुलतात. का? खड्याच्या आत थोडंसं पाणी अडकलेलं असतं. उष्णतेनं त्याची वाफ होते. डिंक मऊ पडतो, वाफ बाहेर यायला बघते आणि खडा फुगतो. आच मोठी झाली, तर बाहेरून लाल आणि आतून कच्चा राहतो. असा डिंक दाताला चिकटतो. म्हणून मध्यम आचेवर थोडा थोडा तळायचा आणि वाटीनं दाबून बघायचा. भुगा झाला की जमला!

आमच्याकडच्या लाडवात आणखी एक जिन्नस असतो, गोडंबी. गोडंबी म्हणजे बिब्ब्याच्या आतला गर, चवीला बदामासारखा. पण बिब्ब्याच्या टरफलात काळं तेल असतं. ते अंगाला लागलं तर फोड येतात. त्याला 'बिब्बा उतणं' म्हणतात. चांगल्या चाललेल्या कामात कुणी खोडा घातला, की 'बिब्बा घातला' म्हणतात ना, ते उगीच नव्हे. म्हणून बिब्बा घरी फोडायच्या भानगडीत तुम्ही पडू नका. बाजारातून सोललेली, स्वच्छ गोडंबीच आणायची.

दहा मिनिटांत आमटी

पण मुलांनो, नुसत्या लाडवांवर घर चालत नाही. रोजचं जेवण तर लागतंच. आमची ती मुलगी पंधरा दिवस घरी राहिली ती लाडवांमुळे नव्हे, वरण-भात आणि भाजी-भाकरीमुळे.

मराठवाड्यातल्या जुन्या बायकांनी यावरही उपाय शोधून ठेवला होता. येसर माहीत आहे ना? गहू, हरभऱ्याची डाळ, धने, जिरे, सुकं खोबरं आणि मसाले भाजून, दळून ठेवायचे. झालं येसर. ऐन वेळी फोडणी करायची, पाणी उकळायचं, त्यात कालवलेलं येसर सोडायचं. दहा-पंधरा मिनिटांत आमटी तयार. डाळ शिजवायची भानगडच नाही. बाळंतिणीसाठी करायचं तर तिखट कमी घालायचं, एवढंच.

तसंच मेतकूट. मऊ भातावर मेतकूट आणि तूप घातलं, की आजारी माणसापासून बाळंतिणीपर्यंत सगळे जेवतात. तशाच जवसाच्या, कारळाच्या, शेंगदाण्याच्या चटण्या. उन्हाळ्यात केलेले सांडगे. या सगळ्यांचं गुपित एकच: आधी भाजा किंवा वाळवा, ओल काढा, बरणीत भरा. बाळ आल्यावर बरणी उघडा.

शहरात आता हेच काम फ्रीजरवर सोपवतात. परदेशात राहणाऱ्या मराठी घरांत तर बाळंतपणाला आजी वेळेवर पोचेलच असं नसतं. मग नवरा-बायको आठव्या-नवव्या महिन्यात डाळी, उसळी, पराठे करून लहान लहान डब्यांत गोठवून ठेवतात. बाळ आलं की रोज एक डबा काढायचा आणि गरम करायचा.

अन्न असं झटपट गोठवायची युक्ती जगभर कशी पोचली, तेही मजेदार आहे. क्लॅरेन्स बर्ड्‌सआय नावाचा एक अमेरिकन माणूस १९१२ नंतर काही वर्षं आता कॅनडात असलेल्या लॅब्रॅडोर या बर्फाळ प्रदेशात राहिला. तिथले मूळ रहिवासी मासे पकडून बर्फावर टाकत. तिथली थंडी इतकी कडक, की मासे बघता बघता लाकडासारखे कडक होत. काही महिन्यांनी शिजवले तरी ताज्यासारखे लागत. बर्ड्‌सआयच्या लक्षात आलं, की पाणी झटकन गोठलं तर बर्फाचे कण बारीक होतात आणि अन्नाचा लगदा होत नाही. त्यानं तसं यंत्र तयार केलं आणि १९३० साली अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्ड गावच्या दुकानांत असं गोठवलेलं अन्न विकायला आलं.

पण एक लक्षात ठेवा. लाडवातून आपण पाणी काढून टाकतो. फ्रीजरमध्ये पाणी तिथंच असतं, फक्त त्याचा बर्फ होतो. उणे १८ अंशांवर जिवाणू वाढत नाहीत, पण बहुतेक मरतही नाहीत. ते नुसते झोपतात म्हणा ना! वीज गेली, बर्फ वितळला, की उठून कामाला लागतात. आमच्याकडे पावसाळ्यात वीज कधी जाईल याचा नेम नसतो. त्यामुळे ज्यांच्या घरी फ्रीजर आहे, त्यांनी हे नियम पाळावेत: अन्न लवकर निववून एका वेळेपुरत्या छोट्या डब्यांत भरायचं. डब्यावर तारीख घालायची. बाहेर काढलेलं अन्न चांगलं उकळून खायचं आणि एकदा वितळलेलं पुन्हा गोठवायचं नाही.

आणि ज्यांच्या घरी फ्रीज नाही, त्यांनी मन खट्टू करू नये. येसराच्या बरणीला वीज लागत नाही!

पुन्हा त्या घरी

आता आमच्या मुलीकडे वळू या. त्याच दिवशी शाळा सुटल्यावर मी तिच्या घरी गेले. वही तिच्याच हातात होती. तिनं ती बाबांना वाचून दाखवली. बाबा गप्प झाले. आजी मात्र म्हणाली, "बाई, माणूस बाळ बघायला येतं. त्याच्या हातावर काही ठेवायला नको का?"

आजीचं चुकीचं होतं का? नाही. दारी आलेल्याला रित्या हाती पाठवायचं नाही, ही आपली रीतच आहे. मग आई आपला लाडू का खात नव्हती? मी तिला विचारलं. ती हसून म्हणाली, "बारका समोर उभा राहतो. त्याच्या तोंडाकडे बघितलं की घास उतरत नाही."

बघा, कुणीच वाईट नव्हतं. तरी लाडू संपले आणि आई उपाशी नाही पण अर्धपोटी राहिली. कित्येक घरांत असंच होतं. आपल्या देशात २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली. तिच्यातून अंगणवाडीत गरोदर आणि बाळंत बायकांना आहार मिळतो. हा आहार आईसाठी असतो. पण घरी नेलेलं पाकीट फोडलं, की तेही सगळ्यांच्या ताटात जातं. वाटून खाणं चांगलंच, पण दोघांचं पोट एकीच्या ताटावर असताना तिचंच ताट वाटायचं का?

तोडगा आजीनंच काढला. "दोन डबे करू," ती म्हणाली. एक आईचा आणि एक आल्यागेल्याचा. दुसऱ्या डब्यात शेंगदाणे आणि गुळाचे लाडू. ते स्वस्तही पडतात आणि पाहुणेही खुश. धाकट्या भावालाही त्यातलाच.

बाळ सोळा दिवसांचं झालं त्या दिवशी आईच्या डब्याचे ४४ लाडू झाले. या खेपेला खोबरं बाबांनी भाजलं. आजोबांनी गूळ चिरला. आजीनं डिंक तळला. मुलीनं आणि भावानं लाडू वळले. भावाचे जरा वाकडेच झाले. डब्यावर कागद चिकटवला आणि त्यावर मुलीनं लिहिलं, 'आईचा डबा'. नियम एकच: सकाळी एक, संध्याकाळी एक आणि तो आजीसमोर बसून खायचा.

त्याच आठवड्यात आजीनं येसर भाजलं आणि शेंगदाण्याची चटणी कुटली. बाबा येसराची आमटी करायला शिकले. पहिल्या दिवशी गुठळ्या झाल्या, दुसऱ्या दिवशी जमली. भाकऱ्या थापायला शेजारच्या काकू यायच्या. आणि मुलगी शाळेत यायला लागली. एक-दोनदा उशीर झाला, पण आली.

वहीतलं दुसरं पानही तिनं मला दाखवलं: आई ४०, भाऊ ३, आजी १ (चव बघायला). डबा २० दिवस पुरला. आता गणित जमलं होतं!

तुम्ही काय कराल?

तुमच्या घरी किंवा नात्यात बाळ येणार असेल, तर हातावर हात ठेवून बसू नका. मुलगे असाल तरी! तुमच्याजोगतं पुष्कळ काम आहे.

खारका धुऊन, उन्हात कडक वाळवून, बिया काढून द्या. खोबरं किसा. शेंगदाणे निवडा. बरण्या धुऊन उन्हात ठेवा, आत पाण्याचा थेंबही राहू देऊ नका. डब्यांवर नाव आणि तारीख लिहा. लाडू काढताना हात कोरडा ठेवा. गरम तुपाची कढई आणि पाक मात्र मोठ्यांनीच हाताळायचा.

साधारण ३० लाडवांचं प्रमाण असं: सुकं खोबरं पाव किलो, खारकेची पूड पाव किलो, गूळ ३५० ग्रॅम, तूप २०० ग्रॅम, डिंक १०० ग्रॅम, खसखस ५० ग्रॅम, गोडंबी किंवा बदाम ५० ग्रॅम, चवीपुरती सुंठ आणि जायफळ. इतकं जमत नसेल तर शेंगदाणे, तीळ, जवस आणि गूळ यांचेही लाडू चांगले. महाग लाडूच पौष्टिक असतो, असं मुळीच नाही.

काही गोष्टी आईला आठवणीनं सांगा. लाडवाबरोबर डाळ, पालेभाजी, फळं आणि भरपूर पाणी हवं. काही घरांत बाळंतिणीला पाणी कमी देतात. तसं करू नये, दूध पाजणाऱ्या आईला तहान जास्त लागते. दवाखान्यातून मिळणाऱ्या लोहाच्या गोळ्या बाळंतपणानंतरही १८० दिवस घ्यायच्या असतात. गोळी चहाबरोबर घेऊ नये, चहानं लोह अंगी कमी लागतं. जेवणात लिंबू पिळलं तर ते जास्त लागतं. आईला मधुमेह असेल तर लाडवांबद्दल आधी डॉक्टरांना विचारावं. गरोदरपणात काय खावं आणि काय टाळावं, हेही डॉक्टर किंवा आशाताईंना विचारूनच ठरवावं. आणि बाळाच्या तोंडात लाडवाचा कण, मधाचं बोट, काही काही घालायचं नाही बरं का!

करून पाहा

काचेच्या दोन छोट्या बाटल्या कोरड्या करा. एकीत ओल्या खोबऱ्याचा तुकडा, दुसरीत सुक्या खोबऱ्याचा. झाकणं लावा आणि सावलीत ठेवा. पाच दिवस रोज बाहेरूनच बघा आणि काय दिसतं ते वहीत लिहा. चव बघायची नाही, बाटली उघडायचीही नाही! शेवटी ओला तुकडा बाटलीसकट मोठ्यांकडे टाकायला द्या. मग ओळखा, लाडवात कोणतं खोबरं घालायचं आणि का.

आणि हो, जाता जाता एक शेवटचं गणित. वहीतलं पहिलं पान पुन्हा काढा. पाहुण्यांपुढच्या २४ रेघांमध्ये एक रेघ माझी होती. ती मी परत कशी फेडली, ओळखा पाहू?

येत्या आठवडी बाजारातून पाव किलो खारीक घेतली आणि आजीच्या हातात दिली. म्हटलं, "ही आईच्या डब्यात घाला. आणि मला चहाच पुरे!"